भिंतीत न बसलेलं दार

२ मार्च

आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, नेहमी सांगतात की कामाच्या वहीत डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहावं. मनात येतं ते लिहायला दुसरी वही घ्यावी. सतरा वर्षं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. आज घेतली. इस्पितळासमोरच्या दुकानातून.

सकाळी पेशी धुवायचं पाणी बनवत होतो. दोन सारख्या बरण्या, दोन्हींत तेच खारं पाणी, एकीत वरून साबण. आपला कपड्यांचा साबण नव्हे, पण जात तीच. पेशीच्या पातळ भिंतीला तो भोकं पाडतो आणि रंग आत शिरतो. पेशीच्या आतलं बघायचं असेल तर साबणाचं पाणी, फक्त बाहेरच्या अंगाला काय आहे ते बघायचं असेल तर बिनसाबणी. हे पहिल्या दिवशी शिकवतात. साबण घालून ढवळत होतो तेवढ्यात ताईचा फोन आला. खारू वाचनालयात पडली.

खारू माझी भाची, ताईची एकुलती एक. लहानपणी कपाटांवर चढायची म्हणून खारूताई. आता बावीस वर्षांची घोडी झाली तरी खारूच. वाचनालयाच्या तळघरात जुन्या पुस्तकांची बांधणी करते. ती नोकरी मुद्दाम घेतली, कारण तिथे आवाज नसतो. आज शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी फोन खणखणला आणि ही हातातल्या सुईदोऱ्यासकट कोसळली. मिनिटभराने आपोआप शुद्धीवर आली. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा.

हृदयाचे डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांवर भागणार नाही. छातीत एक यंत्र बसवायचं, ठोके बिघडले की ते आतून झटका देतं. एकवीस मार्चची तारीख दिली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत परत गेलो, दोन्ही बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि घरी आलो. डोकं ठिकाणावर नाही.

५ मार्च

ताईकडे गेलो. तिच्या दारावर बेल नाही. बेलच्या जागी स्क्रूंची दोन भोकं आणि खाली तिच्या अक्षरात चिठ्ठी, ‘हळू टकटक करा’. भाऊजी गेले त्या आठवड्यात तिने बेल काढली. चौतीस वर्षांचे होते. पहाटे गजर वाजला आणि ते उठलेच नाहीत. गजर मात्र वाजतच राहिला, असं ताई सांगते. खारू तेव्हा पाच वर्षांची. अचानक आलेल्या आवाजाने या लोकांचं हृदय ताल सोडतं, हे नंतर कळलं. तेव्हापासून या घरात काही वाजत नाही. फोन मुके, घड्याळं मुकी, किटलीची शिट्टीसुद्धा काढून ठेवलेली.

मी या कामात शिरलो तो तेव्हाच. बाकीच्यांना मी हुशार म्हणून शिरलो असं वाटतं.

खारू पलंगावर पाय दुमडून बसली होती. म्हणाली, “मामा, तो झटका माणूस जागा असताना बसला तर छातीवर लाथ बसल्यासारखं वाटतं म्हणे.”

“कोण म्हणे?”

“ज्याला बसला तो. मी वाचलं. आणि एकदा बसला की मग पुढचा कधी बसेल या धास्तीने लोक घराबाहेर पडत नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “तुझं दार कुठवर आलं? सतरा वर्षं झाली. सुतार बदल बाबा.”

हे आमचं जुनं बोलणं आहे. ती दहा वर्षांची असताना तिला समजावलं होतं. हृदयाच्या पेशीच्या भिंतीत प्रथिनाची दारं असतात, पोटॅशियम बाहेर जाण्यासाठी. दर ठोक्यानंतर ती उघडतात, मग पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. पण दार काही भिंतीतच घडत नाही. ते आत खोलवर घडतं, तिथे त्याची घडी नीट बसली आहे का हे तपासलं जातं, मगच ते भिंतीकडे रवाना होतं. भाऊजींच्या दारात एक कण चुकीचा होता, तो खारूकडे आला. दार तसं चाललं असतं, पण तपासणीत अडकतं. भिंतीपर्यंत पोचत नाही, आतच पडून राहतं आणि मोडीत निघतं. ताईकडून आलेली चांगली दारं आहेत म्हणून पोरगी जगते आहे. ती पुरत नाहीत एवढंच.

सध्या एका जुन्या गोळीच्या मागे आहे. अंगावर पुरळ उठलं की देतात, चिठ्ठीशिवाय मिळते. ती दाराला बिलगून त्याची घडी सावरते असा माझा तर्क आहे. खारूला म्हटलं, “सुतार म्हातारा झालाय, पण हात अजून चालतो.”

“एकवीस तारखेच्या आत चालव,” ती म्हणाली. हसत म्हणाली, पण माझा हात सोडला नाही.

९ मार्च

कडा चमकल्या!

क्रमाने लिहितो. खारूचं दार घातलेल्या पेशींना दोन दिवस गोळी दिली. मग फक्त आपल्या दारालाच चिकटणारा चमकता रंग टाकला, बिनसाबणी पाण्याने. भिंतीच्या बाहेर दार असेल तरच दिसणार, नाहीतर काळोख. फेब्रुवारीपर्यंत काळोखच होता. आज पेशीन् पेशी उजळली. आतही जरा धूसर उजेड दिसतो, पण तो भिंगाचा खेळ.

दुसऱ्या ताटलीत साबणाचं पाणी वापरून आतली दारं बघणार होतो. तिथे काहीच दिसलं नाही. रंग जुना झाला असेल. तो नाद सोडला. बाहेरचं दिसलं, आतलं घेऊन काय करू?

बरणीतून ओतताना बिनसाबणीला थोडा फेस आला. घाईत धबाधबा ओतलं, म्हणून असेल.

जेवायला उठलो नाही. खिडकीशी उभा राहून एकटाच हसत होतो. शिपायाने विचारलं, काय साहेब, लग्न ठरलं का.

११ मार्च

काल पुन्हा केलं, आज पुन्हा केलं. तीनदा तेच. खरं म्हणजे दर वेळी गोळी न दिलेल्या पेशीही शेजारी ठेवायला हव्यात. पण रंगाच्या कुपीत तळाशी चार थेंब उरले आहेत आणि नवी कुपी यायला दोन महिने. गोळीशिवाय काळोख असतो हे फेब्रुवारीत डोळ्यांनी बघितलं आहे. त्यावर थेंब कशाला वाया घालवायचे?

आज एक आकडा चुकीच्या रकान्यात लिहिला. कामाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खाली वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख. बाईंचा नियम आहे. रेघ मारली.

१३ मार्च

बाईंना चित्रं दाखवली. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, “देखणं आहे. पण वीज मोजल्याशिवाय एक शब्द बाहेर काढू नका. दार भिंतीत दिसणं वेगळं, उघडणं वेगळं.”

वीज मोजतो आमचा सुईवाला. केसाहून बारीक काचेची सुई पेशीला लावून दारातून जाणारी वीज मोजायची, हे त्याचं काम. दिवसातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन सुईशी. पण त्याचं यंत्र महिनाभर बंद आहे. सुटा भाग यायचा आहे.

“कधी येईल?” मी विचारलं.

“येईल तेव्हा.”

इथेच घोडं अडलं. एकवीस तारखेला आठ दिवस उरले.

१४ मार्च

आज बाईंचा शब्द मोडला.

ताईकडे चित्रं घेऊन गेलो. खारूने ती खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि एकेक पेशीवर बोट फिरवत राहिली. “ही माझी दारं?”

“तुझ्यासारखी. बशीत वाढवलेली.”

“बाहेर आली?”

“आली.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पदराला पुसत. म्हणाली, “मला ती चित्रंबित्रं कळत नाहीत. मला एवढंच सांग, एकवीस तारखेला न्यायची का नाही?”

दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “घाई नको. दोन महिने गोळी घेऊन बघू. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेव, ही वरून.”

खारूने माझ्या गळ्यात हात टाकले. ताईने आत जाऊन चहा टाकला. तिने साखर दोनदा घातली होती, तसाच प्यालो.

हृदयाच्या डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. सगळं कागदावर नीट मांडून मग भेटेन. आत्ता गेलो तर उंटावरचा शहाणा म्हणतील. ताईने तारीख पुढे ढकलून घेतली. घरचं कारण सांगितलं.

मनात खुटखुट आहे. पण तीनदा केलं, तीनदा तेच आलं. आणखी काय करायला हवं?

२२ मार्च

एकवीस तारीख गेली. काही झालं नाही. गोळी सुरू केल्याला आठ दिवस झाले. खारूला चक्कर नाही, धडधड नाही. गाल भरले असं ताई म्हणते. आठ दिवसांत काय भरणार, पण मलाही वाटलं.

आज रविवार. खारूने फर्मान काढलं की घरात आता आवाज हवा. जाऊन बेल घेऊन आली होती, दोन सुरांची. मीच बसवली. जुन्याच भोकांत स्क्रू पिळले, खारूने स्टूल धरलं होतं. ताई आतून म्हणत होती, कशाला, कशाला. वाजवली तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. खारू हसत उभी राहिली, उभीच राहिली. ‘हळू टकटक करा’ची चिठ्ठी तिने फाडली आणि तुकडे माझ्या खिशात कोंबले.

मग फोन. सतरा वर्षं मुक्या असलेल्या घरात प्रत्येकासाठी वेगळी धून लावत बसली. वाचनालयाला घड्याळाचे टोले, मैत्रिणीला कसलंसं गाणं. माझ्यासाठी सायकलची घंटा. “कारण तू आलास की वाटेतून बाजूलाच व्हावं लागतं,” म्हणाली. मला समोर बसवून फोन करायला लावला. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. तीनदा करायला लावला.

ताई मला दाराशी सोडायला आली. म्हणाली, “ते असते तर तुला उचलून घेतलं असतं.” भाऊजींबद्दल ती एवढं कधी बोलत नाही. घरी येईपर्यंत मला रडू येत होतं.

२७ मार्च

सुईवाल्याचं यंत्र सुरू झालं. दोन दिवस तो माझ्या पेशींना सुई लावून बसला आहे. आज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“वीज नाही.”

“किती पेशींत?”

“एकतीस. एकीतही नाही.”

मी म्हणालो, तुझं यंत्र महिनाभर बंद होतं, अजून ठिकाणावर आलं नसेल. तो म्हणाला, निरोगी दाराच्या पेशी शेजारीच मोजल्या, त्यांत वीज आहे. मी म्हणालो, मग दार भिंतीत आहे पण उघडत नसेल. तो म्हणाला, “असेल. किंवा भिंतीत नसेल.”

मी त्याला नको ते बोललो. सुया टोचण्यापलीकडे तुला काय येतं, वगैरे. तो ऐकून घेऊन गेला. बाई काचेपलीकडून बघत होत्या.

२८ मार्च

कुपीतल्या शेवटच्या चार थेंबांत आज गोळी न दिलेल्या पेशी रंगवल्या. आधीच करायला हवं होतं ते. उद्या सकाळी बघेन. चमकल्या नाहीत तर सुईवाल्याला चहा पाजीन आणि माफी मागेन, पण बरोबर मीच असेन.

२९ मार्च

गोळी न दिलेल्या पेशीही चमकल्या. तशाच. पेशीन् पेशी.

सकाळपासून इथेच आहे. रविवार, कोणी नाही. दुपारी दोन्ही बरण्या खाली उतरवल्या, झाकणं घट्ट लावली आणि हलवल्या. ‘बिनसाबणी’ लिहिलेली बरणी झाकणापर्यंत फेसाने भरली. दुसरीत बुडबुडासुद्धा नाही.

चिठ्ठ्या मीच लावल्या. दोन तारखेला. उलट्या.

मी तीन आठवडे पेशींना भोकं पाडून आतली दारं बघत होतो. आत पडलेली. होती तिथेच होती. गोळीने काहीही झालेलं नाही. माझ्या सांगण्यावरून पोरगी बिनयंत्राची फिरते आहे.

आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊन पाया पडायचं, हवं ते बोलू देत, पण याच आठवड्यात यंत्र. ताईला मी दुपारी कधी फोन करत नाही, तिचा फोन घरातच कुठेतरी मुका पडलेला असतो. खारूला लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

सव्वातीन वाजले. जेवून झोपली असेल. आणखी एकदा लावतो, नाहीतर सरळ निघतोच.

११ एप्रिल

आज लिहितो आहे.

खारू त्या दुपारी झोपेतच गेली. मी पोचलो तेव्हा शेजारी जमले होते. ती कुशीवर होती, पांघरूण अर्धं खाली, चेहरा काही झालंच नाही असा. ताई सामान आणायला बाहेर गेली होती, परत येऊन बघते तर असं. डॉक्टर म्हणाले, नेमकी वेळ सांगता येणार नाही. दोन ते साडेतीनच्या मध्ये कधीतरी.

दोन ते साडेतीन. हे मी कितीदा तरी म्हणून बघितलं आहे.

चौथ्या दिवशी ताईला सगळं सांगितलं. बरण्या, साबण, उलट्या चिठ्ठ्या, शेजारी न ठेवलेल्या बिनगोळीच्या पेशी. गोळीचा काही उपयोग नव्हता हेही. तिने माझ्याकडे न बघता ऐकलं. मग म्हणाली, “तुझा जीव होता तिच्यावर.” तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंना सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. डॉक्टर बोलले ते इथे लिहीत नाही. बोलले ते बरोबर होतं. सुईवाला माझ्या टेबलावर चहाचा पेला ठेवून जातो, रोज, न बोलता. कामाच्या वहीत नऊ ते अकरा मार्चच्या पानांवर रेघा मारल्या.

ताईकडे भेटायला माणसं येतात. सगळी बेल वाजवतात. दर वेळी तिचे खांदे उडतात, आणि मग ती जाऊन दार उघडते.

१३ एप्रिल

ताईने बोलावलं. खारूचा फोन पंधरा दिवस कपाटात बंद पडून होता. “त्यात तिचे फोटो आहेत. मला चालू करता येत नाही. तू करून दे.”

परवाच्या पानावर ‘सगळं सांगितलं’ असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. त्या दुपारी उशाशी फोन बघितला तेव्हाच मला कळलं होतं. ताईला सांगितलं नाही, या वहीतही लिहिलं नाही. तिच्या घरातला आवाज सतरा वर्षांनी मी सुरू करून दिला आणि झोपलेल्या खारूच्या कानाशी मीच तो वाजवला. आता लिहिलं.

स्वयंपाकघरात फोन चार्जिंगला लावला. ताई बाहेरच्या खोलीत खारूच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोड्या वेळाने पडदा उजळला. ‘मामा, न उचललेले कॉल ४.’ तीन बारा. तीन तेरा. तीन पंधरा. तीन एकवीस. बोटाने बाजूला सरकवलं असतं तर गेलं असतं. तिला कधी कळलंही नसतं. बोट टेकवलं होतं, खोटं कशाला बोलू. अर्धा मिनिट तसाच उभा होतो.

मग फोन तसाच नेला आणि तिच्या हातात दिला. म्हणालो, “ताई, हे मी केलेत. बरण्यांचं कळलं म्हणून तिला सांगायला. ती झोपली असेल हे डोक्यात आलंच नाही. आलं तरी पुन्हा लावला.”

तिने चष्मासुद्धा लावला नाही. फोन मांडीवर पालथा ठेवला.

“शेवटचा मी ऐकला,” ती म्हणाली. “जिन्यात होते, हातात पिशव्या. सायकलची घंटा वाजली. म्हटलं, मामाचा फोन, आता तासभर खिदळत बसेल.”

मी म्हणालो, “म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून...”

“पंधरा दिवस वाट बघतेय, तू सांगतोस का.” तिने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला लागली. “त्या दिवशी बरण्यांचं सांगितलंस, तेव्हा वाटलं आता सांगशील.”

“ताई, मी...”

“आता काही बोलू नकोस. जाताना ती बेल काढून ने.”

स्टूल घेतलं. ते डुगडुगत होतं. बसवताना खारूने धरलं होतं. दोन स्क्रू काढायला मला खूप वेळ लागला. ताई दाराशी आली नाही. मी निघालो तेव्हा आतून कडी लागल्याचा आवाज आला, अगदी हळू लावली होती.

बेल समोर टेबलावर आहे. या वहीला बाईंचा नियम लागू नाही, तरी चौदा मार्चचं पान काढलं, ‘घाई नको’ या शब्दांवर एक रेघ मारली, सही केली आणि आजची तारीख घातली. रेघेखाली वाचता येतं.